चेक-इन दुपारी दोननंतर

ही गोष्ट खरी आहे.

असं गोष्ट सांगणारा प्रत्येक जण म्हणतो, मला माहीत आहे. पण मी एका साप्ताहिकात सव्वीस वर्षं तिरकस सदर लिहिलंय. पुढाऱ्यांच्या तोंडी ते बोललेच नव्हते अशी वाक्यं घातली. एकानेही कधी खुलासा पाठवला नाही. उलट दोघांनी ती वाक्यं पुढच्या सभेत वापरली. तेव्हा खोटं कसं रचतात ते मला कळतं. हे रचलेलं असतं, तर याहून बरं रचलं असतं. निदान एखादी रात्र तरी घातली असती.

कारण या गोष्टीत रात्रच नाही.

जे काही झालं ते सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात झालं. लख्ख उन्हात. खाली भाजीवाला ओरडत असताना.

तारीख अठरा एप्रिल, दोन हजार पंचवीस. शुक्रवार, गुड फ्रायडे. जागा वसईतलं गिरीज. केळीच्या वाड्यांमध्ये उभी असलेली चार मजली बिल्डिंग. लिफ्ट नाही. दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडचं दार.

बिल्डिंगचं नाव सांगत नाही. सोसायटीने तसं माझ्याकडून लेखी घेतलंय.

आणि हे सगळं मी रागात लिहितोय, हेही आधीच सांगून ठेवतो. भीती नंतर आली. राग आधीपासून होता.

...

तो फ्लॅट माझ्या धाकट्या बहिणीचा. आशालता तिचं नाव. मी आशा म्हणतो.

सत्त्याण्णव साली ती आणि रमेश तिथे राहायला आले. रमेशची नोकरी फोर्टात. सकाळी सहाला बाहेर, रात्री नऊला घरी. तो घर बघायचा ते रविवारी. बाकी सगळे दिवस घर आशाच्या ताब्यात, आणि आशा नळाच्या ताब्यात.

सोसायटी पाणी सोडायची दिवसाआड. सकाळी अकराला. पाऊण तास.

सत्तावीस वर्षं तिने त्या पाऊण तासाभोवती आयुष्य बांधलं. साडेदहाला तांब्याची कळशी चिंचेने घासायची. अकराला नळ आधी खाकरायचा, मग फुसफुसायचा, मग एक लालसर चूळ टाकायचा. ती चूळ बादलीत. पहिलं स्वच्छ पाणी ओंजळीत घेऊन उंबरठ्यावर शिंपडायचं. मग पिण्याची कळशी. मग दोन हंडे, टोप, बादल्या, शेवटी मोरीतलं निळं पिंप. त्या वेळात दाराची बेल वाजली, तर आतूनच एक ठरलेलं वाक्य यायचं.

"थांबा, पाणी भरतेय."

कोणीही असो. एकदा रमेशचे साहेब सपत्नीक आले होते. तेही जिन्यात थांबले. रमेशची बढती त्या वर्षी हुकली, पण पिंप भरलं.

रमेश गेला. मुलगा कौस्तुभ ठाण्याला. त्याने ठरवलं, फ्लॅट विकायचा.

फ्लॅट विकला जाईना.

लोक यायचे. बाल्कनीतून केळी-नारळ बघून खूश व्हायचे. मग आशा त्यांना पाणी द्यायची आणि न विचारता सांगायची, "पाणी दिवसाआड येतं हो. पाऊण तास. गुडघे चांगले असतील तरच घ्या."

तिला फ्लॅट विकायचा नव्हता असं नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच.

मग कौस्तुभ माझ्याकडे आला. मी वसई पश्चिमेला राहतो. दोन खोल्या, गच्चीवर टाकी, नळ सोडला की पाणी.

"मामा, आईला चार दिवस तुमच्याकडे ठेवा ना. गिऱ्हाईक येऊन जाऊ दे. ती समोर असली की डील फिसकटते."

"चार दिवस?" मी विचारलं.

"चार दिवस फक्त."

मी हो म्हणालो. हे वाक्य मला खोडता आलं असतं, तर मी माझं सगळं सदर देऊन टाकलं असतं.

चार दिवसांचे चौदा महिने झाले.

...

आशा नसतानाही फ्लॅट विकला गेला नाही. गुडघे लोकांना स्वतःचे स्वतःच तपासता येतात.

मग कौस्तुभने होमस्टे काढायचं ठरवलं. समुद्र जवळ, वाड्या समोर, मुंबईची पोरं शनिवार-रविवारी येतात. त्याने पिंप भंगारात दिलं. मोरी फोडून तिथे उंच खुर्च्या आणि एक अरुंद टेबल लावलं. त्याला तो ब्रेकफास्ट काउंटर म्हणतो. गच्चीवर वेगळी टाकी बसवली, टँकर लावला. स्वयंपाकघरातला जुना नळ काढला, पाइपाच्या तोंडाला बूच मारलं आणि त्यावर इंग्रजी सुविचाराची फ्रेम टांगली.

आणि आशाची तांब्याची कळशी.

ती त्याने लाखेचं पॉलिश मारून हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यात सुकं गवत खोचलं. गुलाबी रंगाचं.

मी ते मोबाइलवर फोटोत पाहिलं. आशाने माझ्या खांद्यावरून पाहिलं.

"छान दिसतंय," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. त्या दिवशी तिने मेथीची पानं टाकून दिली आणि काड्या शिजवल्या.

मी तेव्हा भांडायला हवं होतं. मी काय केलं? मी जाहिरात लिहून दिली.

"मामा, तुम्ही लिहिता ना, दोन ओळी द्या. हटके," कौस्तुभ म्हणाला.

मी दिल्या. 'मालकीण नुकतीच स्वयंपाकघरात गेली आहे असं वाटेल, इतकं हे घर जिवंत आहे.' खाली त्याचे नियम. चेक-आउट सकाळी अकरा. चेक-इन दुपारी दोननंतर.

अकरा ते दोन घर रिकामं. साफसफाईसाठी.

ती वेळ त्याने तशी का निवडली? सगळेच तशी निवडतात म्हणे.

...

साफसफाईला पाचूबंदरची कमळी यायची. सकाळी मासे विकून, मग इथे. धडधाकट बाई, वादळात होडी ओढलेली. डिसेंबरात ती एक दिवस थेट माझ्या दारात आली.

"काका, तुमच्या भाच्याला सांगा, पाहुण्यांनी चेष्टा लावलीय. सगली भांडी भरून ठेवतान."

"कसली भांडी?"

"सगली. गलास, कप, चमचे ठेवायचा डबा. राखेची ती ताटली. साबनाची डबी. काठोकाठ पानी. उचलायला गेलं का सांडतं."

मी हसलो. म्हटलं, पाहुणे प्यालेले असतील.

"ते अकराला गेले. मी साडेबाराला आले. मदे कुलूप व्हतं."

मी हसायचा थांबलो नाही. पण आतल्या खोलीत आशा होती, तिचा सुपारी कातरल्याचा आवाज थांबला.

मग अ‍ॅपवर शेरे यायला लागले. कौस्तुभ मला ते पाठवायचा, आधी गंमत म्हणून.

'जागा मस्त. भिंतीतून पाण्याचा आवाज येतो. प्लंबर बघा.'

'आम्ही पोचलो तेव्हा उंबरठा ओला होता. स्वच्छता छान.'

आणि मग कांदिवलीच्या हार्दिक नावाच्या मुलाचा. तो वेळेआधी आला होता, साडेबाराला. बायको-मुलीसकट.

'फ्लॅट ओके. काकूंनी आतून सांगितलं, थांबा, पाणी भरतेय. आम्ही जिन्यात दीड तास बसलो. दोनला दार उघडं मिळालं, पण काकू भेटल्या नाहीत. थोड्या बिझी असतात. चार तारे.'

कौस्तुभचा फोन दुसऱ्या मिनिटाला.

"मामा, आई तिकडे जाते का?"

"आई माझ्यासमोर बसलीय."

"आत्ता नाही. परवा. साडेबाराला."

परवा साडेबाराला...

परवा साडेबाराला आशा माझ्या बाल्कनीत, वेताच्या खुर्चीत बसली होती. मी तिला दोनदा जेवायला हाक मारली होती. तिने ओ दिली नव्हती. डोळे उघडे. हात मांडीवर.

मला वाटलं, ऐकू कमी येत असेल.

...

जानेवारीत कौस्तुभ आला तो थेट ओरडतच.

"चावी दे, आई."

"कसली?"

"डुप्लिकेट. तू जातेस तिकडे. गेस्ट घाबरतात. रेटिंग खाली चाललंय माझं."

आशाने कुंकवाच्या डबीखालून चावी काढली. त्याच्या हातावर ठेवली. तिच्या उजव्या मनगटावर कुकरच्या वाफेने भाजल्याची जुनी खूण आहे, चंद्रकोरीसारखी. ती हात पुढे करते तेव्हा पहिली ती दिसते.

"मी चौदा पायऱ्या उतरून खाली सुद्धा जात नाही रे," ती म्हणाली. "दादाला विचार."

"मग कोण जातं?"

"मला काय विचारतोस? घर तुझं आहे ना आता?"

तिचा आवाज चढला नाही. आशाचा आवाज कधीच चढत नाही. लहानपणी मी तिची बाहुली विहिरीत टाकली होती, तेव्हाही चढला नव्हता. ती फक्त तीन दिवस माझ्या ताटात मीठ वाढायची विसरली होती.

कौस्तुभने कुलूप बदललं.

त्यानंतर भांडी भरणं बंद झालं.

पाहुण्यांच्या वस्तू भरायला लागल्या.

लवकर आलेल्या एका जोडप्याने बॅगा दाराशी ठेवल्या आणि समुद्रावर फिरून आले. बॅगा बंद होत्या, चेन लावलेल्या. आत काठोकाठ पाणी. कपडे तरंगत होते. एकाच्या हेल्मेटमध्ये पाणी. एका बाईच्या नव्या बुटांत, दोन्ही, अगदी समान.

कौस्तुभने कॅमेरा लावला. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या काचेच्या आत पाणी होतं.

आणि माझ्या घरी...

एक दिवस दुपारी आशाने मला चहा दिला. कप घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. थंडगार. मी बघितलं. टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. तासभर पाण्यात हात घातल्यावर पडतात तशा.

"धुणं धुतलंस का गं?"

"नाही. मशीन आहे ना."

तिच्या साडीचा काठ ओला होता. माझी फरशी कोरडी होती.

आयुष्यभर मी लोकांच्या अंधश्रद्धेवर लिहिलं. त्या दिवशी मी कॅलेंडर काढलं आणि मागे मोजत गेलो. एक दिवस खुर्ची, एक दिवस नाही. एक दिवस खुर्ची, एक दिवस नाही.

दिवसाआड.

"आशा, बाल्कनीत बसतेस तेव्हा काय करतेस?"

"काही नाही रे," ती म्हणाली. "इथे करायला काय आहे? नळ सोडला की पाणी."

...

गुड फ्रायडेची सुट्टी. जोडून शनिवार-रविवार. दोन वाजता सहा जणांचं बुकिंग. कमळीने आत जायला नकार दिला होता. कौस्तुभ सकाळी दहाला गाडी घेऊन माझ्याकडे.

"मामा, तुम्ही चला. अकरा ते दोन आपण आत बसायचं. कोण येतंय ते बघूच. आणि आईला सांगू नका."

मी चपला घालत होतो. आशा बाल्कनीतून म्हणाली, "कुठे निघालास?"

"बाजारात."

"बरं. लवकर ये. आज पाण्याचा दिवस आहे."

गिरीज त्या दिवशी इतकं शांत होतं की रिक्षाचा आवाजसुद्धा ओशाळल्यासारखा यायचा. लोक काळे-पांढरे कपडे घालून चर्चकडे चालले होते. एरवी तिथे बाराची घंटा ऐकू येते. त्या दिवशी घंटा वाजत नाही, इस्टरपर्यंत मुकी असते.

जिन्यात कमळी बसली होती. हातात केरसुणी, पण उठायचं नाव नाही.

"पगार कापीन हां," कौस्तुभ म्हणाला.

"काप. आतली बाय रागावलीय. माझ्यावं नाय, पन मदे मी कशाला येऊ?"

आम्ही आत गेलो. चपला-बूट दाराबाहेर काढले. ते मात्र आशाच्या सवयीचं, कौस्तुभच्याही पायात मुरलेलं. दार आतून लावलं, कडी घातली. गच्चीच्या टाकीचा कॉक बंद करून आल्याचं कौस्तुभने मला दोनदा सांगितलं. घरात पाण्याचा थेंब येणं शक्य नव्हतं.

पाहुणे अकराला पाच मिनिटं असतानाच गेले होते. आम्ही हॉलमध्ये सोफ्यावर बसलो. 'इथे हसू राहतं' अशा अर्थाची इंग्रजी उशी माझ्या पाठीशी होती. मी ती काढून खाली ठेवली. मग पायाने सोफ्याखाली सारली. एवढाच माझा त्या दिवसातला पराक्रम.

अकरा.

काही नाही.

अकरा पाच.

भिंत खाकरली.

मी कौस्तुभकडे बघितलं. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. फ्रेममागे, बुचाच्या आत, पाइपातून हवा वर चढत होती. फुस्स... थांबली. पुन्हा फुस्स...

मग पाणी पडायला लागलं. तांब्यावर. आधी पोकळ, मग जाड आवाज. ज्याच्या घरी नळाला वेळ असते, त्याला झोपेतही कळतं की कळशी किती भरलीय.

मी कोपऱ्यात पाहिलं.

गुलाबी गवत जमिनीवर पडलं होतं. नीट जुडी करून.

कळशी जागेवर नव्हती.

आणि चिंचेचा वास. ओल्या चिंचेचा आणि मिठाचा.

"आई!" कौस्तुभ उठला. चेहरा लाल. "आई, बाहेर ये! बस झाली नाटकं!"

मी त्याला हाताने थोपवलं आणि मोबाइल काढला. घरचा नंबर लावला. मला एकच गोष्ट हवी होती. आशाने तिकडे फोन उचलावा आणि म्हणावं, 'काय रे, कोथिंबीर आणायला विसरलास का?'

रिंग वाजली. तीनदा. चारदा.

उचलला.

"आशा?"

फोनमधून पाण्याचा आवाज येत होता.

"आशा, कुठे आहेस तू?"

आतून, स्वयंपाकघरातून, एक बाई म्हणाली, "थांबा. पाणी भरतेय."

आणि अर्ध्या क्षणाने, माझ्या कानात, तोच आवाज, तेच शब्द. "थांबा. पाणी भरतेय."

माझी बहीण मला कधी 'थांबा' म्हणत नाही. 'थांब दादा' म्हणते.

माझे पाय तिथेच राहिले. कौस्तुभचे राहिले नाहीत. त्याचा राग त्याच्या भीतीहून मोठा होता. कधी कधी मला वाटतं, तो त्याला तिच्याकडूनच मिळाला असावा.

तो आत घुसला. मी दारापर्यंत गेलो.

आत कोणी नव्हतं.

ओट्यावर सगळं भरलेलं होतं. ग्लास, मग, वाइनचे उंच पेले, फुलदाणी, टोस्टरच्या दोन्ही फटी. काउंटरवर, खिडकीत, जमिनीवर, कडेकडेने रांग. पाणी इतकं काठाला आलेलं की वर फुगलेलं दिसत होतं. मध्ये कळशी. लाख गेलेली, लखलखीत. भरलेली.

पाइपाचं बूच जागेवर होतं. कोरडं. पाणी पडल्याचा आवाज मात्र चालूच होता.

"कोण आहे?" कौस्तुभ ओरडला. "माझं घर आहे हे!"

आवाज थांबला नाही.

त्याने कळशी उचलली. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. मी ओरडलो, "अरे, नको!" सत्तावीस वर्षांत त्या घरात भरलेली कळशी कोणी ओतली नव्हती. रमेशचं प्रेत हॉलमध्ये होतं, त्या दिवशीही पाण्याची वेळ झाली तेव्हा आशा उठली होती. कोणी बोट दाखवलं नाही. दिवसाआडचं पाणी होतं ते.

कौस्तुभने कळशी जमिनीवर ओतली.

फोन अजून माझ्या कानाला होता. त्यातलं पाणी एकदम थांबलं. कोणीतरी लांब श्वास घेतला. मग आशा म्हणाली, स्वतःच्या आवाजात, नुकती जाग आल्यासारखी, "दादा? अरे, माझे हात कोरडे झाले."

फोनवर पाणी थांबलं.

स्वयंपाकघरात थांबलं नाही.

आम्ही पळालो. खोटं कशाला सांगू, मी आधी. कौस्तुभचे बूट दाराबाहेर होते. काठोकाठ भरलेले. शेजारीच माझ्या चपला. चपलेत पाणी राहत नाही. तरी त्या ठिबकत होत्या.

कमळी जिन्यात उभी होती. तिने आमच्याकडे बघितलंच नाही. ती आमच्यामागच्या दाराकडे बघत होती. दार आम्ही उघडं टाकलं होतं.

ते लागलं. हळू, जसं हात ओले असताना कोपराने लावतात.

...

घरी पोचलो तर आशा पोहे करत होती. गुणगुणत होती. चौदा महिन्यांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

कौस्तुभने ओल्या मोज्यांनिशीच तिच्या पायावर डोकं ठेवलं. "आई, चल घरी. चुकलं माझं."

"उठ रे, पोहे लागतील खाली," ती म्हणाली. "जाऊ दे. मला राग नाही."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. खरंच नव्हता. थोडासाही नव्हता. साठीतल्या बाईच्या डोळ्यांत निदान एखादा जुना राग असतोच. तिथे काही नव्हतं. घासून पालथं ठेवलेलं भांडं.

खरी भीती मला तेव्हा वाटली.

होमस्टे बंद झाला. अ‍ॅपवरून जाहिरात काढली. नवीन पिंप आलं, नळ परत बसला. मेच्या एक तारखेला आशा तिच्या घरी गेली. मी नारळ फोडला आणि घरी येऊन पोटभर झोपलो. म्हटलं, संपलं.

पंधरा दिवस तिचा फोन रोज. मग दिवसाआड. मग मीच केला, तर म्हणाली, "बरंय सगळं. तू येऊ नकोस उन्हाचा."

मी गेलो. उन्हाचाच. साडेबाराला.

आशा जिन्यात बसली होती.

वरून तिसऱ्या पायरीवर. मांडीवर पेपर, शेजारी भाजीची पिशवी, पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. घर समोर, दार बंद.

"चावी विसरलीस?"

"नाही. आहे." तिने दाखवली.

"मग?"

"बस ना." तिने पिशवी बाजूला घेतली. मी बेलकडे हात नेला, तिने माझं मनगट धरलं. "नको, दादा. ती रागावते."

"कोण?"

पण बेल मी दाबलीच होती.

आतून आवाज आला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईचाच.

"थांबा. पाणी भरतेय."

खाली उंबरठा ओला होता. दाराच्या फटीतून चिंचेचा वास येत होता.

"पहिल्या आठवड्यात मी आत गेले होते," आशा हळू म्हणाली. "नळ आला म्हणून उठले. कळशीला हात लावला. तर मनगटाला धरून मला बाहेर आणलं. जोरात नाही. पण सोडलं नाही." तिने स्वतःचा उजवा हात उलटा केला, चंद्रकोरीची खूण मला दाखवली. "तिच्याही हातावर हे आहे, दादा."

"काही बोलली?"

"म्हणाली, चार दिवस बाहेर बस."

मी तिची भाजीची पिशवी उचलली.

"माझ्याकडे चल," म्हणालो.

"नको. घर सोडून एकदा गेले, तेव्हा हे झालं. आता मी जायची नाही. तिचा राग गेला की उघडेल." मग पेपरची घडी घालत म्हणाली, "माझा कधी गेला होता रे? तुला आठवतो? त्या बाहुलीचा?"

मला आठवत होतं. मीठ चौथ्या दिवशी आलं होतं. राग गेला असं ती कधी म्हणाली नव्हती.

पाणी पाऊण तासात जातं. आतला आवाज मात्र दोनपर्यंत चालतो. काय भरत असेल, कशात भरत असेल, मी विचार करत नाही.

हल्ली पाण्याच्या दिवशी मी तिकडे असतो. थर्मास नेतो, पेपर नेतो. कमळी मासे विकून येते, तीही बसते. कौस्तुभ महिन्यातून एकदा येतो. तो बूट पहिल्या मजल्यावर काढतो. तरी भरतात.

दोन वाजले की आतून कडी निघते.

आशा उठते, पदर सारखा करते. स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून विचारते, "येऊ का?"

कोणी उत्तर देत नाही. आम्ही आत जातो.

काउंटरवर एका ताटलीत दोन ग्लास ठेवलेले असतात. काठोकाठ. पाहुण्यांसाठी ठेवतात तसे.

आशा पिते.

मी अजून प्यालेलो नाही. पण दर वेळी निघताना माझ्या चपला बघतो, आणि त्या अजूनही ओल्याच असतात.